वरून दिसलेलं आपलं गाव

अण्णा,

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही नाही. जालन्याला हॉस्टेलवर असताना पत्र आईला लिहायचे आणि शेवटी ‘अण्णांना नमस्कार’ एवढं टाकून पाकीट बंद करायचे. आज लिहायला बसले ते आपल्या गावात गेल्या दोन वर्षांत जे झालं त्यामुळे. ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर माझ्या धाकट्या भावाची बाजू घेतील नाहीतर माझी. तुम्ही दोन्ही बाजूंच्या मधे उभं राहून जमीन मोजण्यात जन्म घालवलात, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

मी आता नवीन जालन्यात एका संस्थेत काम करते. स्टेशनच्या रस्त्याला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर ऑटो आणि मोटारसायकली ओरडत असतात, आणि वर मी कम्प्युटरपुढे बसून उपग्रहानं आकाशातून काढलेली गावांची चित्रं बघत असते. कुठल्या तळ्यात किती पाणी उरलं, कुठली झाडं वाळली, कुठं पीक उभं आहे, हे त्या चित्रांवरून काढायचं आणि मग त्या त्या गावात जाऊन लोकांना दाखवायचं, असं माझं काम. हे तुम्हाला समजावताना मला जरा संकोच वाटतो. तुम्ही एक शेत मोजायला सकाळी सायकलवर निघायचात, साखळी, झेंड्या आणि कापडी नकाशाची गुंडाळी घेऊन, आणि दिवस मावळताना पोटऱ्यांपर्यंत काळी माती घेऊन परत यायचात. आई तुम्हाला तसं स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. दारातच उभं करून पायांवर तांब्यानं पाणी ओतायची. मग चुलीपुढे पाट घेऊन तुम्ही भाकरी मोडायचात आणि त्या दिवसाचं भांडण सांगायचात. रोज कुठलं तरी भांडण असायचंच. कुणी बांध कोरला, कुणी हद्दीचा दगड सरकवला. आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता विचारायची, मंग निघाली का त्याची जमीन? तुम्ही म्हणायचात, निघाली तेवढीच निघाली, कागदावर होती तेवढी.

मी पाचवीत असेन. शाळेला सुट्टी होती म्हणून तुम्ही मला मोजणीला बरोबर नेलंत. दोन सख्खे भाऊ होते. हातभर रुंदीच्या बांधावरून ते दिवसभर एकमेकांना शिव्या देत राहिले आणि तुम्ही काही न ऐकल्यासारखे साखळी ओढत राहिलात. काम अर्धंच झालं. परत येताना अंबडला देवीच्या टेकडीवर तुम्ही मला घेऊन गेलात. दर्शन झाल्यावर मागच्या बाजूला कठड्यापाशी उभं करून म्हणालात, “बघ बरं, दिसून राह्यलं का कुठं त्यांचं भांडण?” मी बघते तर खाली सगळी तपकिरी, करडी, मधूनच हिरवी जमीन एकमेकांत मिसळलेली, रस्ता दोऱ्यासारखा, आणि त्या रस्त्यावरची एसटी हलते की नाही तेही कळत नाही. बांध तर कुठंच नाही. तुम्ही हसलात आणि म्हणालात, इथून बघितलं की सगळी जमीन एकाच घरची वाटते. मला ते इतकं आवडलं की सायकलवर पुढच्या दांडीवर बसून घरी येईपर्यंत मी तेच मनात घोळवत होते.

दुसऱ्या दिवशी उरलेली मोजणी होती आणि मी हट्टानं पुन्हा आले. ते दोघे भाऊ पुन्हा सुरू झाले तेव्हा मी मोठ्या माणसासारखं बोलून गेले, की काका, देवीच्या टेकडीवरून तुमचा बांध दिसतसुद्धा नाही. जमलेले लोक हसले. थोरला भाऊही हसला. त्यांच्यातला धाकटा मात्र खाली बसला आणि बांधावरचं गवत उपटायला लागला. तुम्ही तिथं मोजणी पुरी केलीत. गाव मागे पडल्यावर सायकल थांबवून मला खाली उतरवलंत. मी तुमचा इतका थंड आवाज त्याआधी ऐकला नव्हता. “त्या बांधावर लिंबाचं झाड हाय ते बघितलं का तू? त्याखाली त्या माणसानं त्याची लेक पुरलीय. तुझ्यापेक्षा लहान होती.” मी रडकुंडीला येऊन म्हणाले, पण अण्णा, तुम्हीच तर काल म्हणालात. त्यावर तुम्ही म्हणालात, “मी तुला म्हणलो. त्याला न्हाई.” एवढंच. मग मला उचलून दांडीवर बसवलंत आणि सायकल घराकडे हाकलीत.

आमच्या संस्थेतल्या वरिष्ठ बाईंचा पृथ्वीच्या चित्रावर फार विश्वास आहे. अंतराळात जाऊन आलेली माणसं सांगतात ना, की वरून ती निळी, एकटी, पातळशा हवेत गुंडाळलेली पृथ्वी बघितली की आत काहीतरी हलतं, देश आणि हद्दी खोट्या वाटायला लागतात, तिला जपावंसं वाटतं. बाईंचं म्हणणं असं, की सगळ्यांना काही वर नेता येत नाही, पण चित्र तरी दाखवता येतं. म्हणून आम्ही कुठल्याही गावात गेलो की आधी पृथ्वीची ती छोटी फिल्म दाखवतो आणि मग त्या गावाचं चित्र. मलाही हे पटायचं. मनातल्या मनात मी त्याला देवीची टेकडी म्हणायचे. तुमचं दुसऱ्या दिवशीचं बोलणं मात्र मी त्यात धरत नव्हते.

मागच्या वर्षाच्या उन्हाळ्यात आपल्याच गावाहून बोलावणं आलं. गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर होळीच्या आधीच तळाला जायला लागली होती आणि टँकर सुरू झाला होता. तुम्ही होतात तेव्हा गाव कापूस आणि ज्वारीवर होतं. आता वरच्या अंगाला सगळ्या मोसंबीच्या बागा आहेत आणि प्रत्येक बागेला शेततळं, आत प्लास्टिक अंथरलेलं, म्हणजे थेंब झिरपत नाही. ही तळी पावसानं भरावीत अशी कल्पना. पण पाऊस बेभरवशाचा, म्हणून लोक दिवाळीनंतर बोअर चालू करतात, जमिनीतलं पाणी उपसून तळी काठोकाठ भरून ठेवतात आणि उन्हाळाभर बाग जगवतात. आपल्या धाकट्याचं तळं गावात सगळ्यात मोठं. तुमच्या ज्या तुकड्यात ज्वारी नीट यायची नाही, तिथं त्यानं मोसंबी उभी केलीय. मी दर वेळी कौतुकच केलं होतं तिचं.

शाळेच्या मोठ्या वर्गात खिडक्यांना पोती लावून अंधार केला, भिंतीवर चादर टांगली. पृथ्वी फिरायला लागली तशी कुजबुज थांबली. खरंच थांबली, अण्णा. आपल्या शेताच्या खालच्या अंगाला ज्यांचं शेत आहे त्या काकू तुम्हाला आठवत असतील, आईकडे विरजण मागायला यायच्या त्या. आता पार वाकल्यात. त्या पुढेच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “एवढं सगळं पाणीच हाय का हे?” मी हो म्हणाले. “मंग टँकर काहून लागून राह्यला आपल्याला?” सगळे हसले, मीही हसले, आणि मग ते पाणी खारं असतं वगैरे सांगत बसले. नंतर गावाचं चित्र लावलं. मे महिन्यातलं होतं, सगळं भाजल्यासारखं तांबूस, आणि त्यात निळे चौकोन. लोक उठून चादरीपाशी आले. हे माझं घर, हा मारुतीच्या देवळाचा पार, ते तुझं तळं, हे माझं. एकानं विचारलं की यावरून शेजाऱ्यानं किती बांध कोरला ते कळंल का. आणि कुणीतरी धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं की तुझंच सगळ्यात झ्याक दिसतंय. तो लाजला. निघताना मला म्हणाला, ताई, तेवढा आपल्या बागेचा फोटो पाठव मला मोबाईलवर. मी पाठवला. त्यानं तो मोबाईलच्या पडद्यावर लावून टाकला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिला.

जालन्याला परतताना मी जीपमध्ये खिडकीशी बसून विचार करत होते, की हे काय झालं. ज्या चित्रानं त्यांना काळजी वाटायला हवी होती, त्यानं त्यांना मिरवायला लावलं. मग मी ऑफिसात बसून आपल्या गावाची जुनी चित्रं शोधली. ती जरा धूसर असतात, पण समजतात. ती वर्षाच्या क्रमानं लावली. पहिल्या चित्रात निळा चौकोन एकही नाही, पण नाल्याच्या काठानं भर मे महिन्यात एक हिरवी रेघ आहे. करंज, जांभळी, शिंदीची झाडं. पुढच्या चित्रांत निळे चौकोन येत जातात आणि ती हिरवी रेघ तुटत जाते. शेवटच्या चित्रात चौकोन सगळीकडे आणि नाला नुसता मातीचा.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा गेले आणि त्याच भिंतीवर ही चित्रं एकामागून एक दाखवली. मी काही बोललेच नाही. तीच माझी हुशारी, असं मला वाटत होतं. काकू म्हणाल्या, “इथं आम्ही धुणं धुवायचो. चैतातबी पाणी राह्यचं.” नंतर मागून एका माणसानं हळू आवाजात विचारलं, म्हणजे ही सगळी तळी आमच्या विहिरींतूनच भरली म्हणायची का. मी हो म्हणाले. खोलीत पुष्कळ बागायतदार होते, पण लोकांच्या माना वळल्या त्या धाकट्याकडे, कारण त्याचा चौकोन सगळ्यात मोठा. तो उठून बाहेर गेला.

मी त्याच्याकडेच उतरले होते. त्याच्या बायकोनं पिठलं केलं होतं. ती वाढत होती आणि आमच्या दोघांच्या ताटांकडे बघत होती, तोंडाकडे नाही. धाकटा जेवण अर्धं सोडून म्हणाला, “ताई, तू वरून बघून राह्यलीस. आम्हाला खाली राहायचंय. आता पारावर बसू का न्हाई मी?” मी म्हणाले की मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तो म्हणाला, “नाव कशाला लागतंय? माझा फोटोच लावला तू भिंतीवर.” अण्णा, मला तुम्ही त्या रस्त्यावर उभे दिसलात, सायकल धरून.

सकाळी त्यानं मला बागेत नेलं. रागातच, पण नेलं. झाडांना नुकतीच फळं धरली होती. तो म्हणाला, हे तळं भरलं न्हाई तर ही खालची बाजू बिलकुल जळंल, वरची कशीबशी राहील. एवढी झाडं मी पोरांसारखी वाढवलीत, तू सांग कुठली तोडू. मी खाली चालत काकूंच्या विहिरीपर्यंत गेले. आत वाकून बघितलं तर तळाशी चिखल आणि मोटारीचा पाइप हवेत लोंबकळतोय. काकूंनी चहा ठेवला. मी त्यांना विचारलं की तुम्ही धाकट्याला कधी काही बोलल्या कशा नाहीत. त्या म्हणाल्या, “काय बोलू बाई? त्याच्याच पाण्यावर तर जगून राह्यलो. रोज सकाळी पाइप सोडतो माझ्या हौदात, न चुकता.” खरंच एक काळा पाइप त्याच्या बांधावरून काकूंच्या हौदापर्यंत आलेला होता. ज्या विहिरीचं पाणी त्यानं ओढलं, तिच्याच मालकिणीला तो रोज ते उपकार म्हणून देत होता, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझ्या कुठल्याही चित्रात तो पाइप नव्हता. तो दिसण्याइतकी ती चित्रं बारीक नसतात.

ग्रामसभेत ठराव झाला, की संक्रांतीनंतर कुणी बोअरनं तळं भरायचं नाही. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले आणि बऱ्याच जणांनी घरी जाऊन मोटारी चालू केल्या. धाकट्यानं हात वर केला नाही. त्यानं माझ्याशी बोलणंही बंद केलं. संक्रांतीला तिळगुळाचा फोनसुद्धा आला नाही. मी ऑफिसात दर काही दिवसांनी आपल्या गावाचं चित्र उघडायचे. कामाचा भाग म्हणून, असं स्वतःला सांगायचे. आणि एप्रिलात एक दिवस मला दिसलं की त्याच्या तळ्याचा निळा रंग अर्ध्यावर आलाय आणि बागेची खालची बाजू विटत चाललीय. पुढच्या चित्रात ती बाजू आसपासच्या जमिनीसारखीच तांबूस झाली होती.

मी फोन केला. तो म्हणाला, तळं यंदा अर्धंच भरलं, म्हणून काढली ती झाडं. मला वाटलं माझ्या सांगण्यामुळे, आणि तसं मी काहीतरी बोलायला गेले तर त्यानं मला थांबवलं. तो म्हणाला की तुझ्या दुसऱ्या सभेमुळे न्हाई, त्या सभेनं तर मी अजून अडून बसलो असतो. “तू तो पहिला फोटो पाठवला ना, माझ्या तळ्याचा, तो रोज बघायचो मी. लई भारी वाटायचं. बघता बघता एक दिवस तळ्याच्या बाजूचा काळा ठिपका दिसला. बोट लावून मोठा केला. काकूची विहीर हाय ती. मंग रोज तीच दिसायला लागली. तळं दिसंच ना.” मग म्हणाला, “फोटो काढून टाकला शेवटी.”

मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूष झाल्या, म्हणाल्या, बघ, चित्रानं काम केलं. मला तसं सरळ म्हणवत नाही. सगळी पृथ्वी बघून लोकांचं मन क्षणभर मऊ होतं, ते मी दर गावात बघते, आणि शाळेच्या फाटकाबाहेर चपला घालेपर्यंत ते पुन्हा आपापल्या जागी येतं. धाकट्याचं मन पृथ्वी बघून बदललं नाही. आधी त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी त्या चित्रात सापडलं, त्याचा त्याला अभिमान वाटला, त्या अभिमानानं तो बघत राहिला, आणि बघत राहिल्यामुळे शेजारची विहीर दिसली. त्याला कुणी घाई केली नाही, एवढंच बरं झालं. मी तर घाईच केली होती.

यंदा मे महिन्यात त्याचाच फोन आला. आवाज साधा होता, पूर्वीसारखा. काकूंच्या विहिरीत थोडं पाणी टिकलंय म्हणाला, मोटार दहा मिनिटं तरी चालते. गावात अजून तिघांनी तळी अर्धीच भरली होती, त्यांची नावं सांगितली. मग जरा अडखळत विचारलं, “ताई, वरून काही फरक दिसून राह्यला का गं? नाल्याला?”

चित्र माझ्यापुढे उघडंच होतं. मी त्याला म्हणाले, दिसतोय ना, नाल्याच्या काठानं थोडी हिरवट रेघ यायला लागलीय. तो म्हणाला की बायकोला सांगतो.

अण्णा, रेघ नव्हती. नाला गेल्या वर्षीइतकाच तांबूस होता. चार माणसांनी एक वर्ष पाणी कमी उपसलं तर ते इतक्या उंचीवरून दिसत नाही. तुम्ही कुणाच्या सुखासाठी कागदावर बोटभर जमीन जास्त दाखवली नाहीत, आणि मी आपल्या धाकट्याला नसलेली झाडं दाखवली. हे पत्र पोस्टात टाकता येत नाही हे एका परीनं बरं आहे. येत असतं, तर मी हे शेवटचं लिहिलं नसतं, त्याच्या फोनपाशीच थांबले असते.